डिझेलचे मोल, दोन खात्यांत

डिझेलची गाडी परवडते का, या प्रश्नाचे उत्तर लातूर आणि नांदेड या दोन शहरांत प्रत्येक गाडीमालक ठामपणे देतो, आणि त्या उत्तरात गाडीपेक्षा त्याचा रोजचा रस्ता, त्याचा धंदा आणि त्याने गाडी घेतली ते वर्ष यांचाच अंश अधिक असतो. ‘परवडणे’ हे मराठीतील मोठे व्यापक क्रियापद आहे. त्यात गाडीचे मोल, म्हणजे खरेदीची किंमत, कर, इंधन, दुरुस्ती आणि शेवटी विकताना हाती परत येणारी रक्कम यांचा एकत्रित हिशेब जसा येतो, तसाच तिचा दर्जाही, म्हणजे इंजिनाची ओढ, टिकाऊपणा, सुरक्षितता आणि गावातल्या मिस्त्रीच्या हाताखाली ती कितपत नीट होते, हेही येते. हे दोन अर्थ वेगळे न केल्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच गाडीला एक मालक लक्ष्मी म्हणतो, दुसरा तिच्या नावाने बोटे मोडतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

पुढील विवेचनात हे दोन पक्ष दोन प्रातिनिधिक मालकांच्या तोंडी घातले आहेत. ते विशिष्ट व्यक्ती नव्हेत, मात्र त्यांची मते या भागात रोज ऐकू येणारी आहेत. पहिला पक्ष लातूरच्या एका आडत्याचा आहे. आडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल बाजार समितीच्या आवारात खरेदीदाराला विकून देणारा आणि त्या व्यवहारावर ठरावीक टक्केवारीने अडत घेणारा व्यापारी. लातूरकडे वडीलधाऱ्या माणसाला आदराने ‘अप्पा’ म्हणण्याची रीत आहे, तेच संबोधन येथे ठेवले आहे. दुसरा पक्ष नांदेडच्या निवृत्त भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांचा आहे, ज्यांना व्याह्यांसह सगळे ‘सर’ म्हणतात. होय, दोघे व्याही आहेत. सरांच्या मुलाला आणि अप्पांच्या लेकीला गाडी घ्यायची आहे, एवढेच या चर्चेचे निमित्त. अप्पांची डिझेल गाडी वर्षाला चोवीस-पंचवीस हजार किलोमीटर धावते, तर सरांची लहान पेट्रोल गाडी जेमतेम सात हजार.

अप्पांचा युक्तिवाद विहिरीपासून सुरू होतो, आणि ती सुरुवात योग्य आहे, कारण मराठवाड्यात डिझेल इंजिनाची ओळख रस्त्यावर होण्याआधी शेतात झाली. वीज खेड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी विहिरीचे पाणी उपसणारे ‘ऑइल इंजिन’ हे शेतकऱ्याच्या घरातले बहुधा पहिले यंत्र असे, आणि 1946 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कंपन्यांनी ते महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवले. त्यानंतर ट्रॅक्टर आला, मग माणसे कोंबून नेणारी काळी-पिवळी जीप आली, आणि 1994 मध्ये टाटा सुमो आली, जिचे नाव कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे. लग्नाचे वऱ्हाड असो, निवडणुकीचा प्रचार असो की पुण्याच्या दवाखान्यात न्यायचा रुग्ण असो, सुमो दारात उभी राहिली की काम मार्गी लागले असे मानले जाई. पुढे 1998 च्या अखेरीस टाटा इंडिका आली आणि लहान कुटुंबाची मोटारही डिझेलवर चालू शकते हे मध्यमवर्गाला दिसले. या साऱ्या वाटचालीत एक कौशल्य गावोगाव पसरले होते: पंप-नोझलचे काम करणारा, हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणारा, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष सांगणारा मिस्त्री अहमदपूरलाही मिळे आणि देगलूरलाही. “सर, पेट्रोलची गाडी बिघडली की ती शहरात न्यावी लागायची,” असे अप्पांचे म्हणणे असते, “डिझेलच्या गाडीला मात्र रानातसुद्धा वैद्य होता.”

दर्जाविषयीच्या मराठवाड्यातील मतांचा पाया हा आहे, आणि तो समजून न घेता त्या मतांना जुनाट म्हणणे अन्यायाचे ठरेल. जवळ दुरुस्ती होणे हा गाडीच्या दर्जाचाच भाग असतो. कारखान्यातून निघताना निर्दोष असलेले यंत्र रस्त्यात बंद पडल्यावर कोणाच्याच हाताला वश होत नसेल, तर तो दर्जा मालकाच्या उपयोगाचा नाही.

सर हा इतिहास नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप असा की त्या इतिहासाला आतून आधार देणारी एक गोष्ट अप्पा सांगायचे विसरतात, आणि ती गोष्ट म्हणजे सरकारने धरून ठेवलेला डिझेलचा दर. शेती, मालवाहतूक आणि एस.टी. यांवर बोजा पडू नये म्हणून डिझेल दीर्घकाळ स्वस्त ठेवण्यात आले. जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, पण डिझेलचे झाले नाहीत. त्यामुळे दोहोंतील अंतर इतके वाढले की मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांच्या पुढे गेले असताना डिझेल 41 रुपयांच्या आसपास होते. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या असण्याचा काळ हाच होय. जानेवारी 2013 पासून डिझेल दरमहा सुमारे पन्नास पैशांनी वाढवण्यास सुरुवात झाली, ऑक्टोबर 2014 मध्ये तेही पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले, आणि जून 2020 मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले.

या बदलाचा अर्थ गणिताने स्पष्ट होतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून असे धरू की दोन सारख्याच गाड्यांपैकी पेट्रोलची गाडी लिटरला 14 किलोमीटर आणि डिझेलची 19 किलोमीटर धावते. यालाच आपल्याकडे गाडीचे ‘ॲव्हरेज’ म्हणतात. 2012 च्या दिल्लीतील दराने पेट्रोलच्या गाडीला दर किलोमीटरला सुमारे 5 रुपये 20 पैसे लागत आणि डिझेलच्या गाडीला 2 रुपये 15 पैसे, म्हणजे पेट्रोलवर 100 रुपये जाळणाऱ्याचे काम डिझेलवर 41 रुपयांत होई. आज पेट्रोल 106 रुपये आणि डिझेल 92 रुपये असे गोल आकडे धरले, तर हाच खर्च अनुक्रमे साडेसात रुपयांच्या थोडा वर आणि 4 रुपये 85 पैशांच्या आसपास येतो, म्हणजे 100 रुपयांचे काम 64 रुपयांत होते. बचत अजून आहे, पण ती पूर्वीसारखी डोळे दिपवणारी राहिलेली नाही. आणि मधल्या काळात डिझेल गाडीच्या खरेदीतील जादा किंमत मात्र वाढली आहे. महाराष्ट्रात गाडी नोंदवताना भरावा लागणारा एकरकमी मोटारवाहन करही डिझेलवर अधिक आहे. वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल गाडीसाठी 2017 मध्ये ठरलेले दर किमतीनुसार 11 ते 13 टक्के होते, तर डिझेलसाठी 13 ते 15 टक्के.

“तेव्हा अप्पा, गाडी घेताना पंपावरचा आजचा फलक पाहू नका, वर्षाचे किलोमीटर पाहा,” हे सरांचे सूत्र आहे. डिझेल गाडीसाठी दीड लाख रुपये जास्त मोजले असे धरल्यास, वरच्या हिशेबाने ती रक्कम फिटायला सुमारे 55 हजार किलोमीटर धावावे लागते. वर्षाला 7 हजार किलोमीटर फिरणाऱ्याची त्यात जवळजवळ आठ वर्षे जातात, आणि वर्षाला 24 हजार फिरणाऱ्याची सव्वादोन वर्षांतच ती रक्कम वळती होते. अप्पांना हे गणित मान्य असते, किंबहुना ते आपल्याच बाजूचे वाटते, कारण त्यांच्या धंद्यात अंतर टळत नाही. लातूरहून पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, सोलापूर सव्वाशेच्या आसपास, आणि हंगामात तूर-सोयाबीनच्या मागे उदगीर, निलंगा, औसा असे रोजचे फेरे असतात. नांदेडलाही असे मालक पुष्कळ आहेत. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना बिदरच्या गुरुद्वारा नानक झिरा साहिबला नेऊन आणणारे भाड्याच्या गाड्यांचे मालक डिझेलशिवाय दुसऱ्या गाडीचा सहसा विचार करत नाहीत, आणि त्यांच्या धंद्याचा विचार करता ते योग्यच करतात.

या भागात दराचा मुद्दा आणखी टोचतो, कारण इंधनाच्या कोठारापासून पंपापर्यंतच्या टँकर-वाहतुकीचा खर्चही ग्राहकाच्याच दरात मिळवला जातो. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील तेल कंपन्यांच्या कोठारापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शेजारच्या परभणीचे नाव राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलच्या बातम्यांत वारंवार येते ते यामुळेच. जेथे माणसाला दवाखाना, कॉलेज आणि मोठा बाजार यांसाठी दूर जावे लागते, तेथेच इंधनही दुरून येते आणि महाग मिळते, ही या प्रदेशाची दुहेरी अडचण आहे. गाडीच्या ॲव्हरेजविषयी येथील माणूस इतक्या पोटतिडकीने बोलतो त्याचे कारण कंजूषपणात शोधू नये.

मोलाचा हिशेब असा मांडता येतो. दर्जाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि खरा मतभेद तेथेच आहे. अप्पांच्या शब्दकोशात दर्जा म्हणजे ‘ओढ’. चार माणसे, मागे दोन पोती आणि समोर चढ असतानाही गिअर न बदलता गाडी पुढे सरकते, ही ती ओढ होय. तिला शास्त्रीय आधार आहे. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते, तर डिझेल इंजिनात केवळ हवा साधारण सोळा पटींच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाबली जाते आणि त्या दाबाने ती इतकी तापते की आत फवारलेले डिझेल ठिणगीविना पेट घेते. जास्त दाबामुळे इंधनातील उष्णतेचा अधिक हिस्सा कामी येतो, शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा मुळातच दहा-बारा टक्क्यांनी अधिक ऊर्जा असते. ओढ मोजण्याचे परिमाण टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या दांड्याला मिळणारा पीळ. मारुती स्विफ्टमध्ये 2007 पासून बसवले गेलेले, मूळ फियाटचे 1.3 लिटर मल्टिजेट इंजिन पुढच्या काळात 190 न्यूटन-मीटर पीळ देत असे, तर त्याच गाडीचे 1.2 लिटर पेट्रोल इंजिन 115 च्या आसपास. हेच डिझेल इंजिन पुणे जिल्ह्यातील रांजणगावातही तयार होत होते आणि टाटांच्या अनेक गाड्यांतही बसत होते, इतके की त्याला भारताचे राष्ट्रीय इंजिन म्हटले जाई. 2020 मध्ये मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले, तेव्हा या भागातील कित्येक मालकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले असल्यास त्यात अतिशयोक्ती नाही.

सरांचा प्रतिवाद असा की ज्या इंजिनाची अप्पा स्तुती करतात ते आणि आज दुकानात मिळणारे डिझेल इंजिन ही एकाच कुळातील दोन भिन्न यंत्रे आहेत. पहिला फरक ‘कॉमन रेल’चा: जुन्या पंप-नोझलच्या जागी आता एका सामाईक नळीत डिझेल वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाबाने साठवले जाते आणि संगणकाच्या आज्ञेने ते सूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते. त्यामुळे गाडी शांत, जोरकस आणि काटकसरी झाली, पण इंधनातील पाणी आणि धूळ तिला सोसवेना. ट्रॅक्टरसाठी घरी पिंपात भरून ठेवलेले डिझेल अडीअडचणीला गाडीत ओतण्याची खेड्यातील जुनी सवय इंडिकाने निभावून नेली असेल, कॉमन रेलचे इंजेक्टर मात्र त्याने निकामी होतात, आणि त्यांचा खर्च ऐकून मालकाला घाम फुटतो. दुसरा फरक 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांचा. बीएस म्हणजे भारत स्टेज, वाहनाच्या धुरातील घातक द्रव्यांची कमाल मर्यादा ठरवणारी सरकारी श्रेणी. बीएस-4 मध्ये डिझेल मोटारीला दर किलोमीटरला 25 मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती, ती बीएस-6 मध्ये साडेचार मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा 250 वरून 80 मिलिग्रॅमवर उतरली. आणि डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत 50 भागांवरून 10 भागांवर आणले गेले.

सूक्ष्म कणांची ही मर्यादा पाळण्यासाठी धुराच्या नळीत एक गाळणी बसवली जाते, जिला डीपीएफ म्हणतात. सच्छिद्र चिनी मातीसारख्या पदार्थाची ही गाळणी काजळी अडवते, आणि ती भरत आली की इंजिन थोडे जादा डिझेल फवारून धूर सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवते व साठलेली काजळी जाळून टाकते. या क्रियेला पुनर्जनन म्हणतात, आणि ती पूर्ण होण्यासाठी गाडी दहा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगाने, न थांबता चालावी लागते. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 361 वर ही गोष्ट चालकाच्या नकळत घडून जाते. लातूरच्या गंजगोलाईच्या गर्दीत किंवा नांदेडच्या वजिराबादेतून शिवाजीनगरपर्यंत जाताना ती अर्धवट राहते. गाडी घरी पोहोचते, चावी फिरते, इंजिन बंद होते, आणि फवारलेले जादा डिझेल न जळता पिस्टनच्या कडेने खाली ओघळून इंजिन ऑइलमध्ये मिसळते.

याची खूण साध्या डोळ्यांना दिसते, आणि ती प्रत्येक मालकाने एकदा तरी पाहावी. सकाळी थंड इंजिनाची बॉनेट उघडून ऑइलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, बाहेर काढली, फडक्याने पुसून पुन्हा बुडवली आणि वर घेतली, की ऑइल खालच्या व वरच्या खुणांच्या मध्ये दिसायला हवे. वापराने ऑइल कमी होते हे सर्वांना ठाऊक असते. पण गावातल्या गावात फिरणाऱ्या बीएस-6 डिझेल गाडीत ते वरच्या खुणेच्याही वर चढलेले आढळू शकते. बोटांत चोळले तर पाण्यासारखे पातळ लागते, आणि नाकाशी नेले तर डिझेलचा उग्र वास येतो. ऑइल ‘वाढले’ म्हणून समाधान मानणारा मालक त्या क्षणी बेअरिंगची झीज विकत घेत असतो. ओढ, ॲव्हरेज, आवाज यांपैकी कशातही हा दोष सुरुवातीला जाणवत नाही. म्हणूनच सर म्हणतात, “अप्पा, लेक-जावई नांदेडात राहणार, ऑफिस तीन किलोमीटरवर, शाळा दोन किलोमीटरवर. त्यांच्या हाती नवी डिझेल गाडी देणे म्हणजे पोहणाऱ्याला हौदात ठेवणे आहे.”

अप्पा यावर निरुत्तर होत नाहीत. त्यांचे उत्तर असे की दोष यंत्राचा नव्हे, विकणाऱ्याचा आहे. दुकानात गाडी दाखवणाऱ्याने किलोमीटर किती फिरता हे विचारायला हवे, ते विचारले जात नाही. हे उत्तर मार्मिक आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यात अप्पांचा पक्ष सर्वांत बळकट होतो. गाडी विकताना रंग, पडदा आणि सनरूफ यांवर जेवढा वेळ खर्च होतो, त्याच्या दहाव्या हिश्शात पुनर्जनन म्हणजे काय आणि गाळणी भरल्याचा इशारा देणारा दिवा लागल्यावर काय करावे हे सांगता येईल. ग्राहकाला त्याच्या भाषेत, त्याच्या रस्त्यांची नावे घेऊन हे सांगितले जात नाही, आणि पुढे कार्यशाळेत त्याच्यावरच ‘गाडी चुकीची वापरली’ असा ठपका येतो, ही गोष्ट खरोखर संतापजनक आहे.

युरियाचा विषय याच जातीचा आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत नायट्रोजनचे ऑक्साइड निष्प्रभ करण्यासाठी डीईएफ नावाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. त्यात अत्यंत शुद्ध युरिया साडेबत्तीस टक्के असतो, बाकी शुद्ध पाणी. युरिया हे नाव ऐकताच शेतकरी मालकाला घरातली पोती आठवणे स्वाभाविक आहे. तथापि देशात तयार होणारा सर्व खताचा युरिया 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, आणि तो पाण्यात विरघळवून टाकीत ओतल्यास फवारणीची सुई व उत्प्रेरक दोन्ही कायमचे बिघडतात.

पत्र्याविषयी दोघांचा वाद फार वेळ टिकत नाही. बॉनेटवर बोटाने वाजवून ‘पत्रा जाड आहे’ असा निर्वाळा देणे ही दर्जा तपासण्याची आपल्याकडची सार्वत्रिक रीत आहे, आणि डिझेलच्या गाड्या वजनदार असल्याने त्यांना या परीक्षेत आपोआप अधिक गुण मिळतात. वास्तविक अपघातात माणूस वाचतो तो आतल्या पोलादी सांगाड्यामुळे, पट्ट्यांमुळे आणि हवेच्या पिशव्यांमुळे. 2018 च्या अखेरीस ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी, टाटा नेक्सॉन, पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही रूपांत विकली जात होती. अप्पा हे ऐकून घेतात आणि बोट आवरतात.

जुन्या गाडीच्या बाजारात मात्र अप्पांचा अनुभव सरांच्या शास्त्राहून मोठा ठरतो. दिल्ली व परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बंदीची भूमिका घेतली, तेव्हापासून ‘डिझेलची गाडी दहा वर्षांनी भंगारात’ अशी समजूत मराठवाड्यातही रुजली आहे. ते निर्णय दिल्ली परिसरापुरते होते. येथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणी व पर्यावरण कर भरून ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्या बंदीचा परिणाम मात्र येथेही जाणवतो: तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. अशी ‘दिल्ली पासिंग’ गाडी घेणाऱ्याला मूळ कार्यालयाचे नमुना 28 मधील ना हरकत प्रमाणपत्र, येथील कराचा भरणा आणि एमएच 24 किंवा एमएच 26 असा नवा क्रमांक ही सगळी वाट चालावी लागते, आणि किमतीत मिळालेला फायदा बराचसा या वाटेवरच सांडतो. मीटर मागे फिरवलेले आहे का हे ओळखण्याची अप्पांची रीत साधी आहे. ते आकड्याकडे पाहतच नाहीत. क्लचच्या पेडलचे रबर पाहतात. पन्नास हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या पेडलवरील खाचा पुसून ते गुळगुळीत चकचकीत झाले असेल, तर ती गाडी त्याच्या दुपटीहून अधिक फिरलेली आहे, असा त्यांचा निष्कर्ष असतो, आणि सहसा तो चुकत नाही.

अखेरीस सर धुराकडे वळतात, आणि येथे त्यांचा स्वर बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. तीन वर्षांनी, 2015 मध्ये, फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या चाचणीत संगणकाच्या आज्ञावलीने फसवणूक केल्याचे उघड झाले आणि भारतातही सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. “गाळणी काढून टाकणारे लोक आहेत, अप्पा,” सर सांगतात, “आतले काढतात, बाहेरून झाळ मारतात, संगणकाला खोटे सांगतात. गाडी हलकी पळते, आणि मागे शाळेच्या रिक्षातली पोरे तो धूर घेतात.” या मुद्द्यावर प्रस्तुत लेखक निःशंकपणे सरांच्या बाजूचा आहे. गाळणी काढलेल्या गाडीचे ॲव्हरेज कितीही चांगले असो, त्या बचतीचा पैसा दुसऱ्याच्या फुप्फुसातून काढलेला आहे, आणि अशा गाडीला परवडणारी म्हणणे हा भाषेचाही दुरुपयोग आहे.

अप्पा या ठिकाणी वाद घालत नाहीत. ते उसाकडे वळतात, आणि ते वळण वरवर वाटते तितके असंबद्ध नाही. लातूर जिल्ह्यातील उसाच्या रसापासून आणि मळीपासून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि त्याचे प्रमाण आता वीस टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असल्यामुळे जुन्या पेट्रोल गाड्यांचे ॲव्हरेज घटते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात मूळ निर्मळ पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींत ही घट सहा-सात टक्के धरलेली आहे. “म्हणजे सर, आमचा ऊस तुमच्या टाकीत जातो आणि हिशेब आमच्या डिझेलकडे झुकतो,” असे अप्पा म्हणतात. सर ते मान्य करतात, आणि सहा टक्क्यांनी घटवून आपले पेट्रोलचे आकडे पुन्हा मांडतात: 14 ऐवजी लिटरला 13.2 किलोमीटर, म्हणजे दर किलोमीटरला 8 रुपयांच्या आसपास, म्हणजे दीड लाख फिटायला 55 ऐवजी 47-48 हजार किलोमीटर. सात हजार फिरणाऱ्याची आठ वर्षे आता पावणेसात झाली. लेक-जावयासाठी निर्णय त्यामुळे बदलत नाही, आणि अप्पांनाही ते दिसते.

मग सर एक प्रश्न विचारतात, जो पूर्ण चर्चेत कोणी विचारलेला नव्हता: अप्पांच्या चोवीस हजार किलोमीटरपैकी गावातले किती? अप्पांपाशी याचे उत्तर नसते. त्यांच्या पेढीच्या रोजमेळात, म्हणजे दिवसाच्या जमा-खर्चाच्या वहीत, प्रत्येक पोत्याची नोंद असते, हमालीची असते, चहाचीही असते; पण डिझेलची प्रत्येक पावती खतावणीत ‘गाडी खर्च’ या एकाच खात्यावर जाते, मग ती पुण्याच्या वाटेवर टेंभुर्णीला भरलेल्या टाकीची असो की घर ते आडत आणि आडत ते बँक अशा फेऱ्यांत संपलेल्या टाकीची. अप्पा काही वेळ विचार करतात. नंतर ते मुनिमांना फोन लावून सांगतात की पाडव्याला नव्या वह्या उघडतील तेव्हा त्या खात्याची दोन खाती पाडायची: एक ‘गाडी, गाव’ आणि दुसरे ‘गाडी, परगाव’, प्रत्येक पावतीवर मीटरचा आकडा लिहून आणायचे काम चालकाचे.